भूशास्त्रीय संज्ञा आणि संगीतकृती यांतील नामसाम्य

हा लेख खडक, शैलसमूह व भूशास्त्रीय काळ यांची नावे आणि गीते, ध्वनिमुद्रिका, चित्रपटसंगीत यांची नावे यांतील साम्याविषयी आहे. दगडावर आघात करून काढलेल्या नादाचा किंवा मंदिरांतील नादस्तंभांचा विचार येथे केलेला नाही.

भूशास्त्रात रूढ असलेली एखादी संज्ञा आणि एखाद्या गीताचे, ध्वनिमुद्रिकेचे, वाद्यवृंदाचे किंवा संगीतप्रकाराचे नाव एकच असल्याची अनेक उदाहरणे आढळतात. ‘ट्रॅप’ हा महाराष्ट्राच्या बहुतांश भूभागाखाली पसरलेला खडक आहे आणि अमेरिकेत उदयास आलेला एक संगीतप्रकारही आहे. ‘गोंडवन’ हे मध्य भारतातील प्रदेशाचे नाव प्रथम खडकांना, नंतर एका प्राचीन महाखंडाला आणि पुढे जगातील अनेक संगीतकृतींना मिळाले. ‘इंद्रायणी’ ही पुणे जिल्ह्यातील नदी आहे, लाव्हाच्या थरांचा एक शैलसमूह आहे आणि मराठीतील एका अत्यंत लोकप्रिय भक्तिगीताच्या नावातही ती आहे.

ही सर्व साम्ये एकाच जातीची नाहीत. काही निव्वळ योगायोगाची आहेत, काहींत दोन्ही नावे एकाच तिसऱ्या नावावरून आलेली आहेत, तर काहींत संगीतकाराने शास्त्रातील संज्ञा जाणीवपूर्वक घेतलेली आहे. नाव कोठून कोठे गेले हे ठरल्याखेरीज दोन विषयांचा परस्परसंबंध सांगता येत नाही.

## व्याप्ती

या लेखात केवळ भूशास्त्रीय संज्ञांचा विचार केला आहे. खडकांचे प्रकार, शैलसमूहांची नावे, भूशास्त्रीय कालखंड, ज्वालामुखी व खंडविप्लव यांसारख्या प्रक्रिया आणि प्राचीन भूखंडांची नावे यांचा तीत समावेश होतो. ‘कोहिनूर’ हे एका विशिष्ट हिऱ्याचे नाव असून ते खनिजाच्या प्रकाराचे नाव नव्हे. त्यामुळे त्या नावाचा १९६० चा हिंदी चित्रपट आणि मुंबईतील रॅप गायक डिव्हाइन याचा २०१९ चा अल्बम येथे गणलेला नाही. ‘हेवी मेटल’ हा संगीतप्रकारही वगळला आहे. ‘जड धातू’ ही संज्ञा प्रामुख्याने रसायनशास्त्रातील आहे.

## नामसाम्याचे प्रकार

* योगायोगाचे साम्य : दोन शब्दांचे अर्थ व वाटचाल भिन्न असून केवळ उच्चार किंवा लेखन सारखे असते. उदा. ट्रॅप, रॉक, लावा.
* समान उगम : शैलसमूह व गीत या दोहोंनी आपले नाव एकाच नदीवरून किंवा गावावरून घेतलेले असते. उदा. इंद्रायणी, खंडाळा.
* उसने घेतलेले नाव : संगीतकृतीला भूशास्त्रातील संज्ञा हेतुतः दिलेली असते. उदा. पँजिया, गोंडवन, फॅनेरोझोइक.
* एकच शब्द, निराळा पदार्थ : लोकभाषेतील एकच वर्णन दोन प्रदेशांत दोन निरनिराळ्या खडकांना लागू होते आणि गीत किंवा चित्रपट त्यांपैकी एकालाच अभिप्रेत धरतो. उदा. काळा पत्थर.

## योगायोगाचे साम्य

### ट्रॅप

भूशास्त्रातील ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ किंवा ‘जिना’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून, पुढे त्यांची झीज होऊन डोंगरउतारांना पायऱ्यांचा आकार येतो, म्हणून अठराव्या शतकात स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञांनी अशा खडकांसाठी हा शब्द वापरला. पश्चिम भारतात सांख्यिकी पाहणीचे काम करणारे विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेविषयी लिहिले, तेव्हा येथील खडकांचे वर्णन त्यांनी याच संज्ञेने केले. मराठी विश्वकोशात या खडकांसाठी ‘दक्षिण ट्रॅप’ ही संज्ञा आहे. इतर लेखनात ‘दख्खन ट्रॅप’ किंवा ‘डेक्कन ट्रॅप’ असे लिहिले जाते.

दख्खन ट्रॅप सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झाला. आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर असून महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग त्याने व्यापलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील तळवडे, शेजारचे देहू व चिखली आणि नदीपलीकडील चाकण हा सर्व औद्योगिक पट्टा याच खडकावर वसलेला आहे. येथील विहिरींत वरून खाली जाताना माती, मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असा क्रम लागतो. मोशी परिसरातील खाणींतून निघणारी बांधकामाची खडी ही याच खडकाची.

संगीतातील ‘ट्रॅप’ हा इंग्रजीतील ‘सापळा’ या अर्थाच्या शब्दाशी निगडित आहे. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या बोलीत अमली पदार्थांची विक्री जेथे चाले त्या घराला हा शब्द लावला जाई. एकदा आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडणे कठीण, अशी त्यामागची भावना होती. या वस्त्यांतील जीवन सांगणारा रॅपचा एक प्रकार २००० नंतरच्या दशकात तेथे रूढ झाला. टी. आय. या गायकाच्या २००३ मधील ‘ट्रॅप म्युझिक’ या अल्बममुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राचा खोल, घुमणारा खर्ज आणि झांजेचे अतिजलद ठोके ही या प्रकाराची ओळख आहे. जाझमधील ड्रम-संचालाही इंग्रजीत पूर्वी ‘ट्रॅप’ म्हणत; तो वापर मात्र या दोहोंहून वेगळा आहे.

काही व्युत्पत्तिकार ‘सापळा’ आणि ‘पायरी’ या दोन्ही अर्थांच्या शब्दांचा संबंध पाऊल टाकण्याच्या कल्पनेशी निगडित अशा एकाच जर्मेनिक मुळाशी जोडतात. हे मान्य केले तरी हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या दोन शब्दांचा आजच्या वापरात काहीही संबंध नाही.

या नामसाम्यात आणखी एक गुंतागुंत आहे. खनिज तेलाच्या भूशास्त्रात ‘ट्रॅप’ ही तिसरी संज्ञा वापरली जाते. भूगर्भातून वर सरकणारे तेल किंवा वायू ज्या रचनेत अडकून राहतो तिला हे नाव आहे, आणि येथे ‘सापळा’ हाच अर्थ अभिप्रेत असल्याने ‘तेलसापळा’ हे भाषांतर योग्य ठरते. सौराष्ट्र व कच्छ भागांत दख्खन ट्रॅपच्या खाली दबलेल्या अधिक जुन्या गाळाच्या खडकांत तेलाचा शोध घेतला जातो. तेथे एकाच परिच्छेदात ‘ट्रॅपखालील ट्रॅप’ असा उल्लेख येऊ शकतो. पहिला शब्द खडकाचा आणि दुसरा सापळ्याचा असतो.

### रॉक

इंग्रजीत ‘खडक’ या अर्थाचा ‘रॉक’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. ‘झुलणे, डोलणे’ या अर्थाचे ‘रॉक’ हे क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतील आहे. ‘रॉक अँड रोल’ या संगीतप्रकाराच्या नावात हे दुसरे क्रियापद आहे. समुद्रावर हेलकावणाऱ्या जहाजाच्या वर्णनात ही शब्दजोडी शतकांपूर्वीपासून आढळते. पुढे ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीतात आणि बोलीत आली, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलंड येथील नभोवाणी निवेदक ॲलन फ्रीड याने ती संगीतप्रकाराचे नाव म्हणून लोकप्रिय केली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गीतात हा ठेका वापरला.

यामुळे ‘रॉक संगीत’ याचे ‘खडक संगीत’ असे भाषांतर चुकीचे ठरते. त्या नावात दगडाचा संबंध नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नावात मात्र दगड खरोखरच आहे. ते नाव मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या १९५० मधील गीतावरून घेतले गेले, आणि त्या गीताच्या मुळाशी गडगडत जाणाऱ्या दगडाची जुनी इंग्रजी म्हण आहे.

### लाव्हा आणि लावा

‘लाव्हा’ हा शब्द इटालियन असून व्हेसुव्हियसच्या परिसरातील बोलीतून तो भूशास्त्रात आला. मराठीत तो ‘लाव्हा’ असा लिहितात, हिंदीत ‘लावा’ असा. हिंदीतील हेच लेखन मराठीत घेतल्यास अर्थ बदलतो, कारण मराठीत ‘लावा’ हा तित्तिरासारखा एक लहान पक्षी आहे, आणि ‘लावणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही तेच होते. राहुल देव बर्मन यांचे संगीत असलेल्या १९८५ च्या हिंदी चित्रपटाचे नाव ‘लावा’ असे आहे. ते विशेषनाम असल्याने मराठी लेखनातही तसेच ठेवले जाते. येथे संगीतकृतीचे नाव व भूशास्त्रीय संज्ञा यांचा अर्थ एकच आहे. योगायोगाचे साम्य आहे ते मराठीतील पक्ष्याच्या नावाशी.

## समान उगमाची नावे

### इंद्रायणी

इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि देहू, तळवडे, मोशी, आळंदी या गावांजवळून वाहत तुळापूर येथे भीमेस मिळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सह्याद्रीतील लाव्हाच्या थरांची जी विभागणी केली, तीत ‘इंद्रायणी शैलसमूह’ आणि त्यावरचा ‘कार्ला शैलसमूह’ अशी नावे आहेत. त्यांच्याही वर दिवेघाट व पुरंदरगड यांच्या नावांचे शैलसमूह येतात.

शैलसमूहांना नावे देण्याची शास्त्रातील प्रथा अशी, की थर जेथे उत्तम प्रकारे उघडा पडलेला दिसतो त्या गावाचे, नदीचे किंवा डोंगराचे नाव त्याला द्यावे. त्यामुळे नाव नदीचे असले तरी नदीच्या संपूर्ण काठाखाली तोच थर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पूर्वेकडे जाताना वरचे थर नदीपात्रात येत जातात; यास्तव तळवडे किंवा आळंदी येथील पात्रातील कातळ हा केवळ नावावरून ‘इंद्रायणी शैलसमूह’ समजणे योग्य नव्हे.

‘इंद्रायणी काठी’ हे भक्तिगीत ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले. पु. ल. देशपांडे यांनी ते ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटासाठी संगीतबद्ध केले आणि पं. भीमसेन जोशी यांनी गायिले. अभंगाच्या धाटणीमुळे ते संतरचना असल्याचा अनेकांचा समज होतो, परंतु ती विसाव्या शतकातील चित्रपटगीताची रचना आहे. गीताने नदीचे नाव घेतले ते वारकरी परंपरेतील स्थानामुळे, आणि शैलसमूहाने घेतले ते उघड्या पडलेल्या थरांमुळे. गीत आणि खडक यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. दोघांचा संबंध नदीशी आहे.

### खंडाळा

लाव्हाच्या रासायनिक घटकांवर आधारलेली दुसरी विभागणी १९८० च्या दशकात रूढ झाली. तीत कळसूबाई, लोणावळा व वाई असे तीन उपसंघ आहेत. खालून वर पाहता जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. त्यानंतर खंडाळा, बुशे. आणि सर्वांत वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी शैलसमूहांची नावे येतात. सह्याद्रीच्या घाटवाटा व डोंगर ज्यांना परिचित आहेत त्यांना ही यादी पाठ करावी लागत नाही.

यांपैकी ‘खंडाळा’ हे नाव लोकप्रिय संगीतात ठळकपणे आले, ते ‘गुलाम’ (१९९८) या हिंदी चित्रपटातील ‘आती क्या खंडाला’ या गीतामुळे. जतीन-ललित यांचे संगीत आणि नितीन रायकवार यांचे शब्द असलेले हे गीत आमीर खान व अलका याज्ञिक यांनी गायिले. त्यातील खंडाळा हे मुंबईकरांचे सहलीचे ठिकाण आहे. शास्त्रातील ‘खंडाळा शैलसमूह’ हाही लोणावळ्याजवळील याच खंडाळ्यावरून ओळखला जातो. सातारा जिल्ह्यातील खंडाळा हा तालुका निराळा असून त्याचा या दोहोंशी संबंध नाही. हिंदीत ‘ळ’ नसल्याने गीताच्या नावात ‘ल’ येतो; मराठी लेखांत स्थलनाम लिहिताना ‘ळ’ आणि गीताचे शीर्षक देताना ‘ल’ हा भेद पाळला जातो.

## उसनी घेतलेली नावे

### गोंडवन

नामसाम्याचे सर्वांत दूरवर पोहोचलेले उदाहरण ‘गोंडवन’ हे आहे. गोंड समाजाचे वास्तव्य व राज्ये असलेला मध्य भारतातील प्रदेश म्हणजे गोंडवन. चंद्रपूर हे गोंड राजवटीचे एक प्रमुख केंद्र होते. गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठालाही ‘गोंडवाना विद्यापीठ’ हेच नाव आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमारास या प्रदेशातील कोळसा धारण करणाऱ्या गाळाच्या खडकांना ‘गोंडवाना’ हे नाव दिले. मराठी विश्वकोशात त्यांना ‘गोंडवनी संघ’ असे म्हटले आहे. चंद्रपूर, बल्लारपूर व वणी येथील दगडी कोळशाच्या खाणी याच खडकांत आहेत आणि नागपूरजवळील कामठीचे नाव त्यातील एका शैलसमूहाला मिळाले आहे. ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म भारताप्रमाणेच दक्षिणेकडील इतर भूखंडांतही सापडत असल्याने ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये हे सर्व भूभाग पूर्वी जोडलेले होते असे मांडले व त्या प्राचीन भूमीला ‘गोंडवानालँड’ म्हटले. अशा रीतीने एका समाजाच्या प्रदेशाचे नाव अंटार्क्टिकेपर्यंत पोहोचले.

संगीतात ते तेथूनच आले. अमेरिकन जाझ वादक माइल्स डेव्हिस याने १ फेब्रुवारी १९७५ रोजी जपानमधील ओसाका येथे दोन मैफली केल्या. दुपारची मैफल ‘अगार्ता’ आणि सायंकाळची ‘पँजिया’ या नावाने प्रसिद्ध झाली. ‘पँजिया’मध्ये दोनच दीर्घ रचना असून त्यांची नावे ‘झिंबाब्वे’ आणि ‘गोंडवाना’ अशी आहेत. फ्रेंच संगीतकार त्रिस्तां म्यूराय याने १९८० मध्ये वाद्यवृंदासाठी ‘गोंडवाना’ ही रचना केली. चिली देशात १९८७ मध्ये स्थापन झालेला ‘गोंडवाना’ हा रेगे वाद्यवृंद आहे. मँचेस्टर येथे ट्रम्पेटवादक मॅथ्यू हॅल्सॉल याने २००८ मध्ये सुरू केलेल्या ध्वनिमुद्रण संस्थेचे नाव ‘गोंडवाना रेकॉर्ड्स’ आहे.

या कृतींच्या नावांतील गोंडवन हा मुख्यतः दुभंगलेला महाखंड आहे. गोंड समाज, त्याची भाषा किंवा त्याचे संगीत त्यांत अभिप्रेत असतेच असे नाही. त्यामुळे या संगीतकृतींच्या लेखांना ‘गोंड संस्कृती’ हा वर्ग जोडणे चुकीचे ठरते. उलट दिशेने, या नावाचा उगम सांगताना गोंड समाजाचा उल्लेख गाळणे हेही अपुरे आहे.

### पँजिया आणि खंडविप्लव

‘पँजिया’ म्हणजे ‘सर्व भूमी’. सर्व खंड पूर्वी एकत्र होते, हा खंडविप्लवाचा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ मध्ये मांडला. गोंडवन हा या महाखंडाचा दक्षिणेकडील भाग होय. यामुळे माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव आणि तिच्यातील रचनेचे नाव यांत भूशास्त्रीय सुसंगती दिसते. रोलिंग स्टोन्स यांच्या ‘स्टील व्हील्स’ (१९८९) या अल्बममधील एका गीताचे नाव इंग्रजीतील ‘खंडविप्लव’ या संज्ञेचेच आहे. त्यात मोरोक्कोतील जजूका गावच्या पारंपरिक वादकांचा सहभाग आहे.

### भूशास्त्रीय कालखंड

बर्लिन येथील ‘द ओशन’ या वाद्यवृंदाने भूशास्त्रीय कालक्रम हाच आपल्या ध्वनिमुद्रिकांचा आराखडा केला. ‘प्रीकँब्रियन’ (२००७), ‘फॅनेरोझोइक’चे दोन भाग (२०१८ व २०२०) आणि ‘होलोसीन’ (२०२३) अशी ही मालिका आहे. ‘फॅनेरोझोइक’मध्ये कँब्रियनपासून पर्मियनपर्यंत आणि पुढे ट्रायासिकपासून होलोसीनपर्यंत बहुतेक कालखंडांची नावे गीतांना क्रमाने दिलेली आहेत. एका गीताच्या नावात गोंडवनावरील हिमयुगाचाही उल्लेख आहे.

या मालिकेतील दोन गीतांचा ट्रॅप खडकांशी संबंध लागतो. पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, झालेल्या महाविनाशाचा संबंध सायबेरियन ट्रॅपच्या उद्रेकांशी जोडला जातो. क्रिटेशस काळाच्या अखेरीस डायनोसॉरांचा अंत झाला त्या सुमारास दख्खन ट्रॅपचे उद्रेक चालू होते. त्या विनाशात उल्केच्या आघाताबरोबर या उद्रेकांचा वाटा किती, हा भूशास्त्रातील बहुचर्चित प्रश्न आहे.

‘होलोसीन’ हा सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेला आजचा कालखंड. त्याच्या अखेरच्या विभागाला २०१८ मध्ये मेघालयातील गुहेच्या अभ्यासावरून ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील ‘बॉन इव्हेर’ या वाद्यवृंदाचे ‘होलोसीन’ (२०११) हे गीत प्रसिद्ध आहे. पोर्टलंड शहरातील एका मद्यगृहाचे नावही ‘होलोसीन’ असून गीताचा त्याच्याशी संबंध आहे. म्हणजे संज्ञा शास्त्रातून मद्यगृहाकडे आणि तेथून गीताकडे गेली.

‘अँथ्रोपोसीन’ म्हणजे मानवी हस्तक्षेपाचा कालखंड. या शब्दावर श्लेष करून कॅनडातील गायिका ग्राइम्स हिने २०२० मध्ये ‘मिस अँथ्रोपोसीन’ हा अल्बम प्रसिद्ध केला. या कालखंडाला अधिकृत मान्यता देण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेने फेटाळला. त्यामुळे ज्या शब्दाला भूशास्त्रीय कालमापनात स्थान नाही, तो संगीतात व सामान्य वापरात रूढ झालेला आहे.

### ज्वालामुखी आणि शिलारस

भूगर्भातील वितळलेल्या खडकाला मराठीत ‘शिलारस’ म्हणतात. त्याच्या इंग्रजी नावाचा, ‘मॅग्मा’चा, वाद्यवृंद फ्रान्समध्ये क्रिस्तियाँ व्हाँदेर याने १९६९ मध्ये स्थापन केला.

अमेरिकन गायक जिमी बफे याचा ‘व्होल्कॅनो’ (१९७९) हा अल्बम कॅरिबियनमधील माँटसेरात बेटावर, एअर स्टुडिओमध्ये ध्वनिमुद्रित झाला. नाव बेटावरील सूफ्रिएर हिल्स या ज्वालामुखीवरून घेतले होते. त्या वेळी तो शांत होता. स्टुडिओची १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात मोठी हानी झाली. १९९५ मध्ये ज्वालामुखी जागृत झाला आणि पुढील काही वर्षांत बेटाची राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली. स्टुडिओची जागाही प्रतिबंधित क्षेत्रात गेली. या उदाहरणात संज्ञा आणि संगीतकृती यांचा संबंध प्रत्यक्ष स्थळाचा आहे.

## एकच शब्द, निराळा पदार्थ : काळा पत्थर

पश्चिम महाराष्ट्रात ‘काळा पत्थर’ किंवा ‘काळा पाषाण’ म्हणजे बेसाल्ट, अर्थात दख्खन ट्रॅपचा खडक. कार्ले व भाजे येथील लेणी आणि पुण्यातील पाताळेश्वर याच खडकात कोरलेले आहेत. घडीव पायऱ्या, जाती, पाटे-वरवंटे यांसाठीही हाच दगड वापरला जातो.

यश चोप्रा दिग्दर्शित ‘काला पत्थर’ (१९७९) या हिंदी चित्रपटातील काळा पत्थर मात्र दगडी कोळसा आहे. त्याची गीते साहिर लुधियानवी यांची व त्यांचे संगीत राजेश रोशन यांचे आहे. चित्रपटाच्या कथेला २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे झालेल्या खाण दुर्घटनेची पार्श्वभूमी आहे. खाणीत अचानक पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. चासनालाचा कोळसा गोंडवनी संघाच्या खडकांतील आहे.

म्हणजे एकाच वर्णनाखाली दोन खडक येतात. कोळसा गाळात दबलेल्या वनस्पतींपासून बनतो व जळतो. बेसाल्ट लाव्हा थिजून बनतो व जळत नाही. दोहोंच्या वयात सुमारे वीस कोटी वर्षांचे अंतर आहे. विदर्भात वर्धा खोऱ्याच्या काही भागांत गोंडवनी खडकांवर दख्खन ट्रॅपचे आच्छादन असल्याने तेथे एक ‘काळा पत्थर’ दुसऱ्याच्या वर आढळतो.

## मराठी लेखनातील अडचणी

देवनागरीत परकीय शब्द उच्चारानुसार लिहिले जात असल्याने मूळ भाषेतील लेखनाचे भेद पुसले जातात आणि नामसाम्य वाढते. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने विशेषनाम ओळखता येते. देवनागरीत ती सोय नाही. त्यामुळे वाक्यात संगीतकृतीचे नाव अवतरणचिन्हांत देणे आवश्यक ठरते.

भाषांतरात संज्ञेची जात न पाहता शब्दाला शब्द ठेवल्यास चूक होते. ‘दख्खन ट्रॅप’ याचे ‘दख्खनचे सापळे’ असे रूपांतर हे तिचे ठळक उदाहरण होय. ही चूक केवळ शब्दाची राहत नाही. भूजल, विहीर-खोदाई किंवा खाणकाम यांविषयी माहिती शोधणाऱ्या वाचकाला खडकाचा लेख सापडत नाही, आणि सापडला तरी त्यातील वर्णनाचा अर्थ लागत नाही. शालेय विद्यार्थ्याच्या बाबतीत तर चुकीचा अर्थ पाठ होऊन बसण्याचा संभव असतो.

लेखांच्या शीर्षकांविषयी पुढील पद्धत सोयीची ठरते.

* योगायोगाचे साम्य असल्यास दोन्ही लेखांच्या शीर्षकांत कंसात विषय द्यावा : ट्रॅप (खडक), ट्रॅप (संगीतप्रकार). दोघांसाठी एक निःसंदिग्धीकरण पान असावे.
* समान उगम असल्यास कंसाविना शीर्षक मूळ स्थळाच्या लेखाला द्यावे. ‘इंद्रायणी’ हे शीर्षक नदीचे. शैलसमूह व गीत यांचे दुवे तेथून द्यावेत.
* नाव उसने घेतलेले असल्यास संगीतकृतीच्या लेखात मूळ संज्ञेचा दुवा द्यावा. संज्ञेच्या लेखात संगीतकृतीचा उल्लेख सहसा आवश्यक नसतो.
* संज्ञाही मुळात एखाद्या समाजाच्या नावावरून आलेली असल्यास तो समाज व त्याचा प्रदेश यांच्या लेखाला प्राधान्य द्यावे. ‘गोंडवन’ शोधणाऱ्या वाचकाला प्रथम गोंडांचा प्रदेश, नंतर खडक व महाखंड आणि त्यानंतर संगीतकृती दिसाव्यात.

## हेसुद्धा पहा

* दख्खन ट्रॅप
* गोंडवनी संघ
* खंडविप्लव
* सह्याद्री
* इंद्रायणी नदी
* तळवडे
* निःसंदिग्धीकरण